अर्थिंगचा खड्डा

मला राग लवकर येतो, हे आमच्या रांगेतल्या पाचही घरांना ठाऊक आहे, आणि मी ते कधी नाकारलेलं नाही. पण अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत मला जो राग आला तो लवकर आलेला नव्हता. तो महिनाभर चुलीवर शिजत होता, आणि त्याला लाकडं घालणारे सगळे पदवीधर होते.

आमचे हे, जयप्रकाश, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत बावीस वर्षं लोखंडाच्या प्लेटा कापायचे. कंपनीला कुलूप लागलं. बरोबरच्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी गाव गाठलं. ह्यांनी काय करावं, तर कंपनीच्या लिलावात निघालेलं जुनं प्लाझ्मा कटिंगचं मशीन टेम्पोत घालून नेरूळला घरी आणलं. मी विचारलं, हे करतं काय? म्हणाले, हवेनं लोखंड कापतं. मी म्हटलं, तोंडातली हवा वापरून मी सत्तावीस वर्षं तुम्हाला कापतेय, तुमच्यावर ओरखडा नाही. त्यावर हे हसले. कंपनी बंद झाल्यापासून पहिल्यांदा हसले, म्हणून मी ते मशीन घरात येऊ दिलं.

हवेनं म्हणजे काय, तर कॉम्प्रेसरची हवा एका बारीक भोकातून सुटते, त्यात विजेची ठिणगी पडते, आणि ती हवाच इतकी तापते की पोलादाची प्लेट चिरत जाते. पण नुसतं हातात धरून कापलं तर हात हलतो, रेघ वाकडी येते. त्यासाठी टेबल लागतं. तयार टेबल घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकून ह्यांनी ते स्वतः बांधायला घेतलं. तीन महिने लागले. खाली चॅनेलची चौकट, आठ फूट बाय चार फूट. तिच्यावर लोखंडी पट्ट्या काठावर उभ्या केलेल्या, म्हणजे कापताना ठिणग्या खाली पडाव्यात. त्यांच्या खाली पाण्याचा उथळ हौद, धूर आणि किटाळ पाण्यात मरावं म्हणून. तो हौद तीनदा गळला आणि तिन्ही वेळा मी पोतेरं घेऊन बसले. दोन्ही बाजूंना तळोज्याच्या भंगारातून आणलेले जुन्या लिफ्टचे रूळ, त्यांच्यावर बेअरिंगवर पळणारी गाडी, आणि ती गाडी एका चालीनं ओढायला ट्रकच्या वायपरची मोटर. माझ्या नवऱ्याची अक्कल त्या टेबलात मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. कंपनीत असताना ते घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. आत काय करत होते ते मला कधी कळलंच नव्हतं.

आता ह्यात आमचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. पलीकडच्या गावातला हरेश, त्याची शेती नवी मुंबईत गेली, आता तो गोदामांच्या शेड उभारायची कामं घेतो. द्रोणागिरीला त्याचं मोठं काम निघालं होतं. खांबांखालच्या प्लेटा कापून हव्या होत्या, वर्षभर पुरेल एवढं काम. तो म्हणाला, काका, गुरुवारी सकाळी दहाला येतो, माझ्यासमोर एक प्लेट कापून दाखवा, काम तुमचं. नाहीतर मला त्याच दिवशी तळोज्याच्या वर्कशॉपला शब्द द्यावा लागेल. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की एका सिक्युरिटी एजन्सीनं ह्यांच्यासाठी वॉचमनची जागा शुक्रवारपर्यंत धरून ठेवली होती. कुठे? ह्यांच्याच बंद कंपनीच्या फाटकावर. ज्या मशिनींवर बावीस वर्षं काम केलं, त्या कुलपात गंजताना बाहेर स्टुलावर बसून राखायच्या. काम वाईट नाही हो, पोटासाठी करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याच फाटकावर? एजन्सीवाल्याला ते सोयीचं वाटलं, कारण ह्यांना सगळे कोपरे माहीत.

आणि मग आला तो खड्डा.

एवढ्या विजेचं मशीन चालवायचं तर चांगलं अर्थिंग पाहिजे. उद्या कुठे वायर सोलली, लोखंडात वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट हवी, नाहीतर ती माणसातून जाते. ह्यांच्या डोळ्यांसमोर कंपनीत एक जण असा गेलेला, म्हणून ह्या बाबतीत हे देवाचंही ऐकत नाहीत. शिवा वायरमननं सांगितलं त्याप्रमाणे मागच्या कुंपणाजवळ पुरुषभर खोल खड्डा खणला, तळाशी तांब्याची जाड प्लेट उभी केली, तिला वायर जोडली, आणि वर एक थर लाकडी कोळसा, एक थर खडेमीठ, असं भरत आणलं. मीठ दिलं कुंपणापलीकडच्या सुमित्राबाईंनी. त्यांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं, घरात अजून गोणी असते. वर एक पाइप उभा ठेवला, त्यातून रोज बादलीभर पाणी सोडायचं, म्हणजे मीठ ओलं राहतं आणि वीज जमिनीत नीट उतरते.

शिवाला मोकळा दिवस मिळाला त्या दिवशी अमावास्या होती. कॅलेंडर बघून खड्डा खणायचा असतो हे मला कुठे ठाऊक. आणि आमच्या सेक्टरला पाणी यायचं संध्याकाळी, म्हणून बादली ओतली जायची तिन्हीसांजेला. झालं. अमावास्येला खड्डा, आत मीठ न् कोळसा, वर रोज तिन्हीसांजेला पाणी. रांगेत कुजबुज सुरू झाली की सरोजिनीबाईंकडे काहीतरी पुरलंय.

ऐकावं ते नवल. कॉम्प्रेसरच्या आवाजाची तक्रार करा, मी ऐकून घेईन. कापताना निळा उजेड पडतो, त्याची करा. त्याबद्दल एक जण बोलेल तर शपथ. तक्रार कशाची, तर मिठाची. आमच्या शेजारचे आशुतोष, बँकेत अधिकारी, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांची बढती हुकली. माणूस तीन वर्षं परीक्षेला बसायला टाळाटाळ करतो, बढती हुकेल नाहीतर काय होईल. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर अंगणही दुसऱ्याचं. मग त्यांच्या आई न्हाणीघरात घसरल्या. मग फ्रिज जळला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, पण हिशोब मात्र आमच्या खड्ड्याच्या नावावर. आणि त्यांची बायको वैदेही काय करते? शाळेत विज्ञान शिकवते. मिठाच्या पाण्यातून वीज जाते हे दरवर्षी साठ पोरांना फळ्यावर लिहून देते.

एके दिवशी आशुतोष आले. फार गोड बोलतात. म्हणाले, जयप्रकाशराव, माझा ह्या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण लोकांना वाटतं, तर तो खड्डा बुजवून टाकला तर बरं. मी आतून बाहेर येतच होते, पण ह्यांनी मला हातानं थांबवलं. कागद घेतला, पेन्सिलीनं खड्ड्याचं चित्र काढलं, प्लेट, मीठ, कोळसा, वायर कुठून कुठे जाते, सगळं समजावलं. हेही सांगितलं, की ही वायर तुटली तर मशीनला हात लावणारा माणूस जिवंत राहील याची खात्री नाही. आशुतोषांनी मान डोलावली, छान काढलंय म्हणाले, कागद घडी करून खिशात घातला आणि गेले. मला वाटलं, चला, शिकलेल्या माणसाला समजलं.

बुधवारी आम्ही दोघं कळंबोलीला लोखंड बाजारात गेलो. हरेशला दाखवायला दहा मिलिमीटरची प्लेट हवी होती, आणि ह्यांना वाटलं मी बरोबर असले की दुकानदार घासाघीस कमी करतो. परत आलो तर कुंपणापाशी खड्डा उघडा. कोळसा अंगणभर, मीठ मातीत कालवलेलं, पाइप आडवा, वायर तोडलेली. तांब्याची प्लेट गायब. आणि तळाशी एक लिंबू, टाचण्या टोचलेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मात्र नुसते खड्ड्याच्या काठावर बसले आणि तुटलेल्या वायरचं टोक बोटांनी चाचपत राहिले.

कुंपणापलीकडून सुमित्राबाईंनी हाक मारली. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "बाय, मास्तरीन उकरीत होती न् तिचा घरवाला घमेला धरून उबा व्हता," त्या म्हणाल्या. "मी वरडले. त्यो मला बोलला, आजी, तुमाला नाय कलनार. आता मीठ मला नाय कलनार त कोनाला कलनार?"

मी तशीच वैदेहीच्या दारात गेले. बेल वाजवली नाही, दारच वाजवलं. ती बाहेर आली ती रडतच. कुणा जाणत्यानं सांगितलं म्हणे, पुरलेलं काढून वाहत्या पाण्यात सोडा आणि जागेवर लिंबू ठेवा. प्लेट दुपारीच रिक्षानं नेऊन खाडीत टाकली होती. सासूबाईंचा पाय सुजत चाललाय, डॉक्टरचं औषध लागू पडत नाही, मी तरी काय करू, असं म्हणत राहिली. आशुतोष मागे सोफ्यावर पेपर वाचत होते. त्या दिवशी बँक चालू होती, आणि हा माणूस रजा काढून घमेलं धरायला घरी राहिला होता. मी त्यांना विचारलं, तुमचा तर विश्वास नाही ना? ते म्हणाले, वहिनी, शांत व्हा, घरात शांतता राहावी म्हणून कधीकधी करावं लागतं. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण माझ्या बोलण्यानं खाडीतली प्लेट वर येणार नव्हती.

परत आले तर हे घरात नव्हते. तांब्याचा पत्रा नेरूळच्या बाजारात मिळत नाही, त्याला मुंबईत जावं लागतं, तिथे पोचेपर्यंत दुकानं बंद होणार, आणि दुसऱ्या दिवशी उघडणार अकराला. हरेश येणार दहाला. अर्थिंगशिवाय मशीनचं बटण हे दाबणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. दिवेलागणीला हे आले. काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. खुर्चीवर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेले. मी सोडून पाहिलं, खाकी शर्ट, खाकी पँट, दोरीला शिट्टी. सोमवारपासून रुजू. बाहेर येऊन म्हणाले, "पँट कमरेत सैल आहे, दोन टाके घालशील का?"

मला भांडता आलं असतं. बावीस वर्षं हातात कला असलेल्या माणसानं बायकोला वॉचमनच्या पँटला टाके घालायला सांगावं, आणि का, तर शेजारच्या पदवीधरांना मिठाची भीती वाटते. मी रडले, आणि रागानं रडले. ते पुडकं परत बांधलं आणि सांगितलं, उद्या दहा वाजेपर्यंत मी सुईत दोरा ओवणार नाही.

सकाळी सहाला उठून मी माळ्यावर चढले. माझ्या लग्नात आईनं तांब्याचा हंडा दिला होता, दोन बादल्या पाणी मावेल एवढा. आमच्या वाईला भांड्यावर नाव घातल्याशिवाय देत नाहीत, म्हणून गळ्याभोवती टिंबाटिंबांनी कोरलेलं, चि. सौ. सरोजिनीस आईकडून, आणि खाली साल, एकाहत्तर. तो मी ह्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, तांबंच हवंय ना? ह्यांनी हंडा उलटा करून तळ वाजवून पाहिला. म्हणाले, ह्याला भोक पाडावं लागेल, बोल्ट घालून वायर आवळायला. मी म्हटलं, पाडा. दोनदा ड्रिल उचललं, दोनदा खाली ठेवलं. शेवटी मी म्हटलं, आई असती तर तिनं स्वतः पाडलं असतं, तिला बिचारीला ड्रिल मिळालं नाही एवढंच. तेव्हा पाडलं.

सुमित्राबाईंनी कुंपणावरून मिठाची गोण लोटली आणि कोळसाही आणला, वर म्हणाल्या, ह्या येळेला मी हितंच बसते, बगू कोन येतो. शिवा सातला हजर झाला. आणि मी काय केलं, तर रांगेतल्या पाचही घरांच्या मागच्या खिडक्या उघडेपर्यंत थांबले. आठ वाजता, लख्ख उन्हात, सगळ्यांच्या देखत हंडा डोक्यावर घेऊन खड्ड्याशी गेले. वैदेही गच्चीवर कपडे वाळत घालत होती. आशुतोष मागच्या दाराशी दात घासत होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. माझा आवाज तसाही जातो.

"नीट बघून घ्या. ह्या हंड्यावर माझं नाव कोरलेलं आहे. तुमच्या शास्त्राप्रमाणे ज्याचं नाव पुरतात त्याला बाधा होते. तर आज मी माझं नाव पुरते आहे. कुणाचा पाय सुजला, कुणाचा फ्रिज जळला, तर खापर माझ्यावर फोडायचं नाही, कारण बाधा झालीच तर ती मला होईल. आणि आता ह्याला जो हात लावेल, त्यानं सरोजिनीला हात लावला असं मी धरीन."

आशुतोषांच्या तोंडातला फेस तसाच. हे खड्ड्यात उतरले, मी हंडा खाली दिला, कोळसा, मीठ, कोळसा, मीठ, वर चार बादल्या पाणी. शिवानं शंभरचा दिवा आणला, एक टोक वीजवाहिनीला आणि दुसरं खड्ड्याच्या वायरला लावलं. दिवा पूर्ण पेटला, पांढरा फटफटीत. शिवा म्हणाला, प्लेटीपेक्षा हंडा भारी निघाला काकी.

हरेश दहाला आला, बरोबर दहाला. खड्ड्याची ओली माती आणि कडेला फेकलेलं लिंबू बघून थबकला. मी त्याला काही लपवलं नाही, कोणी उकरलं, का उकरलं, आत आता काय आहे, सगळं सांगितलं. मला धास्ती होती, कारण त्याची माणसं गावातली, उद्या तीच म्हणाली असती की इथलं लोखंड नको, तर आमचं काय? हरेशनं ते लिंबू उचललं, टाचण्या उपसून खिशात टाकल्या आणि लिंबू लांब भिरकावलं. म्हणाला, काकी, टेन्शन नको, आमच्याकडे साइटवर पण असाच खड्डा हाय, मीठ माझी आयच देते. मग टेबलाकडे वळला. काका, दाखवा.

ह्यांनी चष्मा लावला, प्लेट पट्ट्यांवर ठेवली, चारी कोपरे मापून पाहिले. कॉम्प्रेसर धडधडू लागला. ठिणगी पडली, निळा उजेड झाला, आणि वायपरची मोटर ती गाडी एका चालीनं ओढत गेली. कापलेला तुकडा हौदात पडला, पाणी चुरचुरलं. ह्यांनी चिमट्यानं वर काढला. कडा सुरीनं कापल्यासारखी सरळ. हरेशनं त्यावर अंगठा फिरवला, काटकोन बघायला गुण्या लावून पाहिला, मग ह्यांच्याकडे पाहून म्हणाला, दीडशे नग शनिवारपर्यंत जमतील? हे म्हणाले, जमतील. आवाज नेहमीसारखाच होता, पण दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले.

खाकी पुडकं दुपारी मीच एजन्सीत परत करून आले.

संध्याकाळी आशुतोष आणि वैदेही आले. हे टेबलापाशी होते, मी दारात. वैदेहीचे डोळे सुजलेले. ती माझे हात धरून म्हणाली, सरूताई, चुकलं माझं. माझा राग तिच्यावर टिकेना, कसा टिकणार, सासूचं सगळं तिलाच बघावं लागतं. पण आशुतोष हसत पुढे आले. म्हणाले, जयप्रकाशराव, अभिनंदन, झालं गेलं विसरून जा, तुम्हाला तर माहीतच आहे, मी स्वतः हे काही मानत नाही. हिचं समाधान म्हणून उभा राहिलो.

मी तोंड उघडलं होतं. पण त्याआधी हे बोलले. आमचे हे, ज्यांनी कंपनीच्या फाटकावरही एक घोषणा दिली नव्हती.

"वहिनी घाबरल्या होत्या," ते म्हणाले. "घाबरलेल्या माणसानं खड्डा उकरला, ते मला समजतं. तुम्ही घाबरला नव्हता. तुम्हाला मी कागदावर काढून दिलं होतं, वायर तुटली तर काय होईल तेही सांगितलं होतं. ते चित्र तुमच्या खिशात होतं आणि हातात घमेलं. काल परत आल्यावर मी खड्ड्याकडे न बघता बटण दाबलं असतं, तर आज तुम्ही इथे कशाला आला असता?"

वैदेहीनं आशुतोषांकडे वळून पाहिलं. कागदाचं तिला ठाऊक नव्हतं. कधी दिलं होतं चित्र, तिनं नवऱ्याला विचारलं. त्यांनी नुसतं घरी चल म्हटलं. ती एकटीच पुढे निघून गेली, आणि ते तिच्या मागून गेले.

हे पुन्हा टेबलाकडे वळले, दोन पट्ट्या कापल्या गेल्या होत्या, त्या बदलायच्या होत्या. पाणी आलं होतं. मी बादली भरली आणि खड्ड्यावर ओतायला गेले.